रानआवळा

आमच्या भंडाऱ्याकडे आवळा दोन तऱ्हेचा. बागेतला चकैया किंवा एनए-7 लिंबाएवढा, तुकतुकीत, मोरावळ्यासाठीच जन्मलेला. रानातला बोरापेक्षा थोडा मोठा, टणक, दोऱ्या-दोऱ्यांचा, पहिल्याच चाव्याला जीभ आखडणारा. माझी सोयरीक या दुसऱ्याशी.

शाळेत तो तिखटमिठासकट दप्तरात असायचा. आजी त्याची आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची. सकाळी पाणी शाईसारखं काळंभोर झालेलं असे, आणि त्यानेच आम्हां बहिणींची डोकी धुतली जात. मात्र तुळशीचं लग्न लागेपर्यंत आवळा तोंडात घालायची सोय नव्हती. ही बंदी मला तेव्हा निव्वळ जाच वाटे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने नवेगाव-नागझिऱ्याच्या पानगळीच्या जंगलात फिरणं झालं. तिथे ऐन, तेंदू, मोहाच्या सोबतीला आवळा असतोच. वणव्यात होरपळला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो. म्हणून वरचेवर जळणाऱ्या टेकाडांवर तो झाड न होता खांद्याएवढं झुडूपच राहतो. पौषात वानरं वर बसून अर्धे आवळे खातात, अर्धे सांडतात. खाली चितळं टपलेलीच. ती आवळे गिळतात, दूर सावलीत बसून रवंथ करतात आणि टणक बिया तिथेच थुंकतात. उन्हात कवच तडकतं, आतल्या तपकिरी बिया बाहेर पडतात. नवं रोप आईच्या सावलीपासून लांब रुजतं ते असं.

हे पाहिल्यावर घरातली ती बंदी निराळी दिसू लागली. रानातला आवळा भरतो कार्तिकानंतर. तोवर थांबलं, तर फळाला रस येतो, चितळांचा वाटा उरतो आणि बीही पक्की होते. आता दसऱ्यालाच कोवळे आवळे बाजारात येतात, तेही पाल्यासकट. चढण्याचा वेळ वाचवायला फांद्याच छाटलेल्या असतात. छाटलेली फांदी पुढच्या साली फळत नाही.

वन हक्क कायदा, 2006 ने गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क जंगलातल्या माणसांना दिला. तो त्यांचाच आहे. पण घाई त्यांच्यापेक्षा आपल्या बाजारपेठेची जास्त. म्हणून गिऱ्हाइकाने दोनच गोष्टी पाळाव्यात: तुळशीच्या लग्नाआधी रानआवळा घेऊ नये, आणि फांदीसकट आलेला तर कधीच घेऊ नये.