गाडी फिरते कुठं, ते आधी सांगा

पनवेल-कळंबोलीचा टापू टायरची परीक्षाच घेतो. इथून एक रस्ता काँक्रीटच्या द्रुतगती मार्गाने पुण्याकडे चढतो, दुसरा राष्ट्रीय महामार्ग ६६ होऊन कोकणात उतरतो, आणि जून ते सप्टेंबर दोन्हींवर पाणीच पाणी. खारघरच्या आमच्या जुन्या डस्टरचे टायर झिजत झिजत खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकले, तेव्हा घरात ठराव झाला : या वेळी ऑल टेरेन.

तुर्भ्याच्या टायरवाल्याला ठराव फारसा रुचला नाही. किंमत सांगण्याआधी त्याने विचारलं, "साहेब, गाडी फिरते कुठं, ते आधी सांगा."

फिरते ती मुख्यतः सायन-पनवेल महामार्गावर आणि पाम बीच रोडवर. उन्हाळ्यात नागपूर. पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाची. या यादीत ऑल टेरेनची खरी गरज फक्त शेवटच्या नावाला. उधेवाडीपर्यंतची ती कच्ची वाट म्हणजे दगड, ओढे आणि चिखल. साध्या हायवे टायरच्या अरुंद खाचा तिथे चिखलाने भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतं. ऑल टेरेनचे रबरी ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद. आत शिरलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो.

पण याच रुंद फटींमुळे डांबरावर कमी रबर टेकतं. ब्रेक दाबला की मोठे ठोकळे किंचित वाकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. काही टायरांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं, दुकानदार ते कौतुकाने दाखवतात. ती बर्फावरच्या पकडीची पावती. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्याने जरूर पाहावी. नवी मुंबईच्या पावसाशी तिचा संबंध नाही.

पावसात खरी भीती चाक पाण्यावर तरंगण्याची. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या चाकांसाठी याचं एक सूत्र मांडलं : हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, तरंगण्याचा वेग नॉट्समध्ये मिळतो. ३३ पीएसआयला तो ताशी साधारण ९६ किलोमीटर येतो, २५ला ८३. मोटारीच्या टायरला हे गणित काटेकोर लागू होत नाही, खाचा खोल असतील तर तो बऱ्यापैकी सावरतो. पण दिशा स्पष्ट आहे. राजमाचीच्या वाटेवर पकड वाढावी म्हणून मंडळी हवा कमी करतात आणि परतताना तशीच द्रुतगती मार्गाला लागतात. लोणावळ्यात हवा भरायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर हीच कमी हवा वेगळा दगा देते. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२०ची वेगमर्यादा आणि विदर्भाचं ऊन. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतात, तापतात आणि शेवटी फुटतात. तिथे कुठल्याही ब्रँडचं नाव वाचवत नाही.

दुकानात शेजारच्या तरुणाला रुबाबासाठी मोठा टायर हवा होता. आमच्या २१५/६५ आर १६ च्या जागी २२५/७० घातला, तर चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५च्या आसपास असते, आणि वळताना रबर मडगार्डच्या अस्तराला घासू शकतं. आम्ही कंपनीचा आकार सोडला नाही. मवाळ खाचांचे, रस्त्याकडे झुकलेले ऑल टेरेन घेतले, ९८ एच खुणेचे : प्रत्येक टायरला ७५० किलो भार आणि २१० किलोमीटरची वेगक्षमता. चारही एकदम बदलले, कारण गाडी ऑल व्हील ड्राइव्ह. कमी-जास्त झिजलेली चाकं तिच्या यंत्रणेवर ताण आणतात.

आता काँक्रीटवर घूं-घूं ऐकू येते, डिझेल जरा जास्त लागतं, आणि पावसात पुढच्या गाडीपासून पूर्वीपेक्षा अधिक अंतर ठेवतो. राजमाचीच्या ओढ्यांत मात्र गाडी निमूट चढते. ज्यांची एसयूव्ही मॉल आणि महामार्ग सोडत नाही, त्यांनी हायवे टायरच घ्यावेत. पैसे वाचतील आणि ब्रेकही चांगले लागतील.

काहीही घ्या, पण टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल नव्याच्या भावात पुढे केला, तर बेधडक परत करा.