पन्नास हजारांची सूट

जुनी गाडी घेताना फसल्याची कहाणी सांगायला सगळ्यांना आवडते. तिच्यात समोरचा डांबिस असतो आणि आपण भोळे. माझ्या कहाणीत ती सोय नाही. सांगलीत मी जी वॅगन आर घेतली तिचे कागद धड नाहीत, हे मला व्यवहाराच्या दिवशीच कळलं होतं. त्या मॉडेलच्या, साधारण तेवढ्याच चाललेल्या गाडीला बाजारात 3 लाख 40 हजार पडत होते. मला ती 2 लाख 90 हजारांत मिळत होती. मधले पन्नास हजार कशाचे, हे मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं, ते कानांनी ऐकायचं नव्हतं एवढंच.

गाडी बघताना मात्र मी अगदी चोख. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला. त्याने ऑइलची पट्टी काढून पुसली, परत बुडवली, बोटांत ऑइल चोळून नाकाशी धरलं. दाराचं रबर ओढून आतला पत्रा पाहिला, कुठे ठोकून सरळ केलाय का म्हणून. चढावर क्लच तपासला. गाडीला अर्धा दिवस दिला आणि कागदांना चहा येईपर्यंतचा वेळ. विकणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून आरसीचं कार्ड, विम्याची प्रत, पीयूसी आणि टीटीओचा सेट काढून टेबलावर ठेवला. सेट म्हणजे फॉर्म 29 आणि फॉर्म 30. गाडी दिली असं विकणारा 29 भरून आरटीओला कळवतो, आणि ती आपल्या नावावर करा असा अर्ज घेणारा 30 भरून करतो. या सेटवर सही होती, पण तारीख कोरी आणि घेणाऱ्याचं नावही कोरं. सही साताऱ्याच्या एका गृहस्थांची. समोर बसलेला माणूस निराळाच.

तो मधला. त्याने गाडी साताऱ्याहून आणली होती आणि स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. नावावर करायची म्हणजे फी आली, हेलपाटे आले, शिवाय आरसीवर एक मालक वाढला की भाव उतरतो. म्हणून असे सही केलेले कोरे सेट गाडीच्या डिकीतून या हातातून त्या हातात जात राहतात. मी विचारलं, "मालक येतील ना आरटीओत?" तो म्हणाला, "मालक वारले हो. पण काय अडत नाय, सही आधीच घेऊन ठेवलीय." हे ऐकूनही मी पैसे मोजले. आरसीवर एका सहकारी बँकेचा बोजाही चढलेला दिसत होता. त्यावर तो म्हणाला, "कर्ज कधीच फिटलंय, हे बघा पत्र." पत्र होतं खरं. त्याच्या तळाशी त्याची मुदत छापलेली होती आणि ती संपून गेली होती. तेही मी वाचलं होतं.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सरळ आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. आणि कायद्याच्या लेखी मालक म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो. किल्ली कुणाकडे, पैसे कुणी दिले, नोटरीपुढे काय लिहिलं, हे सगळं नंतर. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच ठणकावलं. 2007 मध्ये विकलेली गाडी पुढे आणखी काही हातांतून गेली, 2009 मध्ये तिचा अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदीत ज्याचं नाव तसंच राहिलं होतं त्या पहिल्या मालकावर. हा निकाल मी नंतर वाचला, पण आधी वाचला असता तरी काही फरक पडला नसता. त्या वेळी माझं डोकं एवढंच म्हणत होतं की अडकला तर तो अडकेल, मी नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण विचार नेमका तोच होता.

तसाच गाडी वापरत राहिलो. मिरजेत एका टेम्पोने मागचं दार चेपवलं तेव्हा विम्याचा कागद पहिल्यांदा नीट उघडला. गाडी विकली गेली तरी तिसऱ्या पक्षाचं संरक्षण तिच्याबरोबर जातं. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. माझी पॉलिसी वारलेल्या माणसाच्या नावावर. दावा कोण करणार? दार पदरचे पैसे घालून सरळ केलं.

मग एक एजंट गाठला. आरटीओच्या बाहेरच्या टपरीत लॅपटॉप, प्रिंटर आणि पानाचा डबा घेऊन बसणारा. त्याने आधी चेसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, उमटलेला छाप फॉर्मला चिकटवला आणि सहज म्हणाला, "तारीख मागची टाकू, साहेब. वारायच्या आधीची." मी हो म्हटलं. एका शब्दानेही विचारलं नाही की हे चालतं का.

अर्ज ऑनलाइन भरला आणि ओटीपी नोंदणीत असलेल्या मोबाइलवर गेला. नोंदणीत अर्थातच त्या गृहस्थांचा नंबर. एजंटने तो नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. एका बाईंनी उचलला.

"मावशी, एक नंबर आला असंल मेसेजमधी, तेवढा सांगा. तुमचं पार्सल आलंय."

"पार्सल कुणाच्या नावानं?"

एजंटने आरसीवरचं नाव वाचलं.

"ते जाऊन वर्ष होत आलं. त्यांना कोण पार्सल पाठवतंय? कोण बोलताय तुम्ही?"

एजंटने फोन कापला. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून बघू. मी शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता, मी उघडलं नाही. उठून आलो तेही कागद तिथेच ठेवून, म्हणजे संध्याकाळी त्याने प्रयत्न केला असता तर माझी ना नव्हतीच. बाईंनी त्यानंतर फोन उचलले नाहीत, म्हणून काम अडलं. साताऱ्याला मी गेलो तो दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा.

त्या गृहस्थांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. गाडीचं नाव काढताच उठून आतून यजमानांचा फोन घेऊन आल्या आणि मेसेज उघडून माझ्यापुढे धरला. एकाखाली एक ई-चलानं. काही मधल्या माणसाच्या काळातली, बाकीची माझी. कोल्हापुरात नो पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी, मागच्या काचेवर मी हौसेने लावलेलं स्टिकर फोटोत स्पष्ट दिसत होतं. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या नावाला कधी दंड लागला नव्हता हो. मला वाटायचं, गाडी चोरीला गेलीय का काय." पार्सलचा फोन माझाच होता का, हे त्यांनी विचारलं नाही, पण मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा पुण्याहून फोनवर होता, तो बोलला. "काका, आधी सगळी चलानं भरा. पावत्या मला पाठवा. मग सहीचं बघू." मधल्याच्या काळातलीही मीच भरायची का, असं विचारायला गेलो आणि स्वतःच गप्प झालो.

पुढचं काम किचकट, पण अशक्य नव्हतं. व्यवहार ते हयात असताना झाला असला तरी नोंदीत मालक तेच. त्यामुळे गाडी आधी वारसाच्या नावावर आणि मग माझ्या नावावर, हाच सरळ रस्ता होता. मालक वारला की वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. काकूंनी ते केलं नव्हतं. गाडी विकली म्हणजे विषय संपला अशी त्यांची समजूत, आणि तिच्यात त्यांचं काय चुकलं? मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि मुलीचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, उशिराचा दंड. त्याआधी बँकेचा बोजा उतरवायचा. कर्ज फेडलं की आरसीवरची नोंद आपोआप जात नाही; बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणि ताजं पत्र लागतं. जुनं पत्र देणारी शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. तिथल्या साहेबांनी जुन्या खतावण्या काढायला लावल्या, आणि काकूंना तीन जिने चढून यावं लागलं, कारण साहेबांसमोर सही हवी होती. माझ्या पन्नास हजारांपायी.

मधल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी तर सगळं सांगूनच दिली होती." खरंच सांगून दिली होती. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी केंद्राचे नियम लागू झालेत. गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याचं कळवलं की ती विकली जाईपर्यंत जबाबदारी त्यांची. तसा विक्रेता मी आधी पाहिला होता. त्याच्याकडे तशीच गाडी 3 लाख 40 ला होती, म्हणून तिथून निघालो होतो.

दंड, प्रतिज्ञापत्रं, फी, चलानं, चेपलेलं दार आणि सांगली-सातारा पेट्रोल यांचा हिशेब बायकोने वहीत मांडला. सूट जवळजवळ सगळी परत गेली. नव्या विम्यात आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही मिळाला नाही. तो गाडीबरोबर येत नाही, माणसाबरोबर राहतो.

आरसी माझ्या नावावर आली तेव्हा काकूंना फोन केला. त्यांनी विचारलं, "आता ह्यांच्या फोनवर काही येणार नाही ना?" नाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला माझी जुनी स्कूटर आठवली. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्याच एका पोराला विकली होती. कोऱ्या सेटवर सही करून, रोख पैसे घेऊन. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला. मालकाच्या नावातली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण आपलं नाव फुल्यांतूनही ओळखू येतं. विमा संपलेला, पीयूसी संपलेली. पोराला गाठलं तर तो म्हणाला, "दादा, ती मी कवाच इस्लामपुरात देऊन टाकली." कुणाला, ते त्याला आठवेना. गाडी विकल्याचं आरटीओला आता लेखी कळवायला निघालोय. त्यासाठी घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि फॉर्म 29 ची प्रत हवी. प्रत मी ठेवलीच नव्हती.