बावीस दातांचे फ्रीव्हील

कष्टकऱ्याच्या घरात सायकल ही हौसेची वस्तू नसते. ती घरातल्या कमावत्या माणसासारखी असते. तिचे टायर, ट्यूब, ब्रेक यांकडे आपण लक्ष देतो. पण मागच्या चाकाच्या मधोमध, जिच्यावरून चेन फिरते त्या लहान चकतीला दात किती आहेत, हे मोजणारा माणूस विरळाच. त्या चकतीला फ्रीव्हील म्हणतात. आमच्या घरात या दातांवरून महिनाभर वाद चालला. त्या वादातून जे कळले ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे चार शब्द.

आमचे हे गॅसचे सिलिंडर घरपोच करण्याचे काम करतात. पूर्वी आम्ही विद्याविहारला तानसाच्या पाइपलाइनलगत राहत होतो. एजन्सी दहा मिनिटांवर होती. २०१७ साली पाइपलाइनच्या कडेची घरे पाडली गेली आणि इतर अनेक कुटुंबांबरोबर आम्हीही माहुलच्या सातमजली इमारतींत आलो. घर बदलले, काम मात्र जिथे होते तिथेच राहिले. स्टँडर्ड व्हॅक्युम (म्हणजे पुढची एस्सो) आणि बर्मा शेल या कंपन्यांनी १९५० नंतरच्या दशकात उभारलेल्या दोन्ही रिफायनऱ्या आमच्या शेजारी. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. गॅस आमच्या दाराशी तयार होतो आणि तो लोकांच्या चुलीपर्यंत पोचवायला ह्यांना रोज आठ-नऊ किलोमीटर लांब जावे लागते! टँकरच्या रांगा, खड्डे, पुलांचे चढ आणि दुपारनंतर खाडीकडून येणारा वारा, हा सगळा रस्ता सायकलवरच.

आता ओझ्याचा हिशोब पाहा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. लोखंडी टाकीचे वजन जवळपास तेवढेच. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलोचा. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना आकड्यांना अडकवून दोन नेले तरी साठ किलो, चार नेले तर एकशे वीस. शिवाय सायकल वीस किलोची आणि वर माणूस. एवढे वजन जागचे हलवायचे ते दोन गुडघ्यांच्या जोरावर. रोज रात्री ह्यांचे गुडघे शेकताना मला एकच काळजी वाटे. आमच्या घराची बँक म्हणजे हेच दोन गुडघे. ते खर्ची पडले तर पुढे काय?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पायावर जोर कमी द्या म्हणून सांगितले. जोर दिला नाही तर सायकल चालणार कशी, असा प्रश्न घेऊन हे घरी आले. त्याचे उत्तर आमच्या मुलीने दिले. ती तेव्हा आठवीत होती. शाळेत गुणोत्तर आणि प्रमाण चालू होते. तिने खडू घेऊन पहिल्या दातावर खूण केली आणि दात मोजले. पुढच्या मोठ्या चकतीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. आपल्याकडच्या काळ्या, दांडीवाल्या सायकलींना बहुधा हेच माप असते.

ती म्हणाली, “पप्पा, ४४ला १८ने भागलं तर २.४४ येतात. म्हणजे तुम्ही पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं.” अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. मग तिने १८च्या जागी २२ दातांचा हिशोब मांडला. ४४ला २२ने भागले तर बरोबर २. एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर जाणार. अंतर कमी झाले, पण तेच ओझे ओढायला पायाला लागणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरला. फेरे जास्त, जोर कमी. विहिरीवरच्या रहाटासारखेच हे. बादली एका हिसक्यात ओढा किंवा सावकाश ओढा, पाणी तेवढेच वर येते. पण खांदा कशाने भरून येतो हे ओढणाऱ्यालाच ठाऊक.

हे ऐकून ह्यांना पटले असेल असे वाटले, पण नाही. “अगं, बावीसचं फ्रीव्हील म्हणजे म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं. लाइनीतली पोरं हसतील. आणि उशीर झाला तर?”

उशिराचा हिशोबही मुलीनेच केला. मिनिटाला साठ फेरे मारले तर १८ दातांवर ताशी साडेएकोणीस किलोमीटर, २२ दातांवर ताशी सोळा. नऊ किलोमीटरला फरक पडतो सहा मिनिटांचा. तोही मोकळा रस्ता मिळाला तर! टँकरच्या मागे अडकलेल्याला १८ काय आणि २२ काय. सहा मिनिटे आधी निघणे आपल्या हातात आहे, नवे गुडघे आणणे आपल्या हातात नाही.

राहिली हसण्याची गोष्ट. ही फुशारकी काही आजची नाही. १९०२ साली फ्रान्समध्ये डोंगराळ रस्त्यावर सायकलींची कसोटी झाली. एदुआर फिशर नावाचा नामांकित सायकलपटू एकाच गतीच्या सायकलवर होता. मार्त हेस नावाची बाई तीन गिअरच्या सायकलवर. बाई वरचढ ठरली, आणि सबंध रस्त्यात तिला पाय खाली टेकावा लागला नाही असे सांगतात. त्यावर आंरी देग्रांज या संपादकाने काय मत दिले? गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीची सोय आहे! याच देग्रांजने १९०३मध्ये तूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. त्या शर्यतीत चालत्या सायकलवर गिअर बदलण्याच्या साधनाला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर पट्टीच्या सायकलपटूंनाही घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे फिरवून लावावे लागे, कारण चाकाच्या दोन बाजूंना कमी-जास्त दातांच्या चकत्या असत. आज त्या शर्यतीतला पहिल्या नंबरचा गडीही चढावर हलका गिअर टाकतो आणि त्याला कोणी हसत नाही. मग सिलिंडर वाहणाऱ्याने का लाजावे?

शेवटी हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. काकांनी आधी चेनला पट्टी लावली. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. आमची चेन पाव इंच जास्त भरली. काका म्हणाले, “नव्या फ्रीव्हीलवर ही ताणलेली चेन चढवली तर दातांवरून उड्या मारेल. दोन्ही बरोबरच बदला.” चार दात वाढले की चेन एक इंच लांब लागते, नाहीतर मागचे चाक अर्धा इंच पुढे सरकवावे लागते आणि टायर मडगार्डला घासू शकतो. नवी चेन त्या हिशोबानेच कापली. फ्रीव्हील नुसते हाताने फिरवून आतला टकटक आवाज एकसारखा येतो का, हेही त्यांनी ऐकून पाहिले. आतल्या खिट्ट्या झिजल्या असतील तर भर ओझ्यात पायडल रिकामे फिरते आणि माणूस तोंडावर पडतो. सीटही बोटभर वर घेतली; फार खाली बसून पायडल मारले तरी गुडघ्यावर ताण येतो.

नुसत्या फ्रीव्हीलचा खर्च ह्यांच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आला. पहिले चार दिवस पाय हवेत फिरल्यासारखे वाटले, नंतर सवय झाली. गुडघेदुखी पार गेली असे मी म्हणणार नाही. फ्रीव्हील म्हणजे काही औषध नव्हे. पण रात्रीचे शेकणे आठवड्यातून दोनदावर आले, आणि पुलाच्या चढावर आता उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

यंदा आमच्या भाच्याने कॉलेजसाठी अठरा गिअरच्या सायकलचा हट्ट धरला. तेव्हा मुलीने त्यालाही दात मोजायला लावले. पुढे ४८, ३८ आणि २८. मागे १४ पासून २८ पर्यंत सहा चकत्या. ४८ला २४ने भागले तर २, आणि २८ला १४ने भागले तरीही २! असे जवळजवळ सारखे येणारे गिअर वजा केले तर अठरातले दहाएकच खरे वेगळे उरतात. म्हणून दुकानात गिअर किती हे विचारू नये. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला दात किती, ते विचारावे. चढावर तीच कामाला येते. भाच्याला ती सायकल चालेल. सिलिंडरवाल्याला मात्र चालणार नाही, कारण गिअर बदलणारा नाजूक भाग मागे बाहेर लटकतो. सिलिंडरचा एक धक्का लागला की तो वाकला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी दूध, पाव, इडली किंवा सिलिंडर सायकलवरून वाहत असेल, तर या रविवारी खडू घेऊन दात मोजा. सपाट रस्ता आणि रिकामे कॅरियर असेल तर १८ ठीक. थोडे ओझे असेल तर २०, आणि जड ओझे किंवा चढ असेल तर २२. कोणाच्या हसण्याकडे पाहू नका. हसणारे लोक रात्री गुडघे शेकायला येत नाहीत.