तेवीस तास

एक तास म्हणजे काय हो? ऑफिसातले दोन चहा आणि थोड्या गप्पा! मलाही तसंच वाटायचं. मग २०१५ साली लेस्टरमध्ये एका तासानं आमचं बजेट पार कोलमडवलं.

तेव्हा नवरा एका गोदामात आठवड्याला १६ तास काम करायचा आणि उरलेल्या वेळात अकाउंटिंगचा कोर्स. मी दुकानात काउंटरवर, १० तास. लेक चार वर्षांची. नुसत्या पगारात भागायचं नाही, पण जोडीला वर्किंग टॅक्स क्रेडिट यायचं. नावात टॅक्स असला तरी ही कमी कमाईच्या घरांना थेट बँकेत मिळणारी सरकारी मदत. नुसत्या वर्क व्हिसावर ती मिळत नसे, पण आम्हाला तिथं कायम राहण्याची परवानगी होती.

एका सोमवारी मॅनेजर म्हणाली, "धंदा थंड आहे, पुढच्या आठवड्यापासून तुझे सातच तास." मी मनात हिशेब केला. तीन तासांचा पगार गेला, थोडा हात आखडू. झालं!

नवऱ्याचा चेहरा मात्र उतरला. "अगं, सोळा आणि सात किती?"

तेवीस. एप्रिल २०१२ पासून मुलं असलेल्या जोडप्यांना नियम होता : दोघांचे मिळून किमान २४ तास, आणि त्यात एकाचे तरी १६. तेवीस तासांना थोडं कमी क्रेडिट नाही, चक्क शून्य! लेकीचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट तेवढं वाचलं, कारण त्याला तासांची अट नव्हती.

"कळवलंच नाही तर?" हे मीच म्हटलं. पण बदल महिन्याच्या आत कळवायचा असतो आणि जास्तीचे आलेले पैसे नंतर वसूल होतात. मुकाट्यानं फोन केला. तास घटल्यावरही चार आठवडे क्रेडिट चालू राहतं, एवढाच दिलासा.

मॅनेजरकडे एक तास मागितला. नकार. मग लेकीच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम निघालं, रोज एक तास. आई फोनवर म्हणाली, "एम.कॉम. होऊन पोरांचे डबे राखणार?" आधी राग आला, मग रडू. तरी अर्ज टाकला. कागदपत्रं, तपासण्या यांत वेळ गेला आणि मधले दोन आठवडे कोरडे गेले. पण पहिल्याच दिवशी लेकीनं मैत्रिणींना ऐटीत सांगितलं, "ही माझी आई!"

टॅक्स क्रेडिट एप्रिल २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. त्याची जागा घेणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये २४ तासांची रेषा नाही. मुलं असलेल्या घरात कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली, की दर पौंडामागे ५५ पेन्स कमी होतात. म्हणजे आता उतार आहे, कडेलोट नाही.

पण सवय जात नाही. कुणी तास कमी करतो म्हणालं, की मी पगाराआधी बेरीज विचारते. तुम्हीही विचारा!