आबाची गाय
कर्जतच्या माळाला आमची कोरडवाहू जमीन. हरभरा घाट्यावर आला की काळविटांचा कळप रात्रीतून वावर साफ करायचा. मग वडील पारध्याच्या म्हाताऱ्याला सांगावा धाडायचे. त्याला मी आबा म्हणायचो.

फास मांडताना आबा मला जवळ बसवायचा. आधी हाताला शेणमाती चोळायची, माणसाचा वास राहता कामा नये. जनावर रोजच्या वाटेनंच येतं, वाट सोडून फास मांडायचा नाही. मग शिकवलेल्या गाईच्या आडोशानं तो कळप हळूहळू फासाकडं वळवायचा. कळपाला वाटायचं, गाय चरतीय. मटणाचा वाटा आमच्याकडं यायचा. मी चवीनं खाल्लाय, खोटं कशाला बोलू?

१९७२ चा कायदा आला, शिकार बंद झाली. सांगावा मात्र जातच राहिला. एका पहाटे आबाला आमच्याच बांधावर फासासकट धरलं. "कुणी बोलावलं?" म्हणून विचारलं. त्यानं वडिलांकडं एकदा बघितलं. "कुणी न्हाई, सायेब. पोटासाठी आलो." वडील खाली बघत उभे. मी पंधरा वर्षांचा, मीही गप्प.

तो सुटेपर्यंत त्याची गाय आमच्याच गोठ्यात होती. न्यायला पोरगा आला. आईनं तांब्या पुढं केला, पण त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.