दुखण्याचा पत्ता

ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसाला ॲट्रोपिन टोचले की लाळ आटते, घाम थांबतो, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली पसरते, छातीतली घरघर ओसरते. मांडीचे आणि दंडाचे मांस मात्र उडतच राहते. औषध लागू पडलेले असते, डॉक्टरांचे निदान बरोबर असते, नातेवाइकांना धीर देऊन झालेला असतो, आणि कातडीखालची ती बारीक फडफड कोणाचेच ऐकत नाही.

तिचे कारण पाठ्यपुस्तकात स्वच्छ दिलेले आहे. ॲसिटिलकोलिन हे नसेने स्नायूला किंवा ग्रंथीला पाठवलेल्या हुकमाचे रसायन. हुकूम बजावून झाला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याची तिथल्या तिथे विल्हेवाट लावते. ऑरगॅनोफॉस्फेट हे विकरच निकामी करते. मग एकदा दिलेला हुकूम पुसलाच जात नाही. ग्रंथी, आतडी आणि श्वासनलिका यांच्यावरचे ग्राही एका प्रकारचे असतात, अंगाच्या स्नायूंवरचे दुसऱ्या. ॲट्रोपिन फक्त पहिल्यांना अडवते. दुसऱ्यांसाठी प्रॅलिडॉक्सिम देतात. ते लवकर मिळावे लागते, आणि मिळाले तरी त्याचा कितपत उपयोग होतो याबद्दल वैद्यकात अजून वाद आहे.

पहिला धोका टळल्यावर एक ते चार दिवसांत दुसरी अवस्था येऊ शकते: मान उचलत नाही, खांदे आणि मांड्या ढिल्या पडतात, श्वासाचे स्नायू थकतात. सेनानायके आणि करलियद्दे या श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हा तिला नाव मिळाले. तिसरी अवस्था आणखी उशिरा, दोन-तीन आठवड्यांनी, आणि या गटातल्या मोजक्याच रसायनांमुळे येते. पोटऱ्यांत गोळे, तळपायांना मुंग्या, चालताना पाऊल घासटणे. तोवर सुटीचे कार्ड पेटीत गेलेले असते. पोटरी दुखते म्हणून माणूस पुन्हा दवाखान्यात जातो तेव्हा मधले आठवडे त्याच्या बोलण्यातून गळलेले असतात, आणि विचारणाऱ्यालाही ते विचारायचे सुचत नाही. न उलगडणाऱ्या दुखण्यांपैकी बरीचशी अशी अर्ध्या वाटेवर पत्ता हरवलेली असतात.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात जे झाले त्यामुळे ही सारी माहिती पुस्तकाबाहेर आली. त्या हंगामात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर वाढली होती. फवारा खाली मारायची सवय असलेल्या मजुराला नळी वर धरावी लागली, आणि तुषार त्याच्याच तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर उतरू लागले. बॅटरीच्या पंपांचे तुषार हातपंपापेक्षा बारीक. अंगाला घाम, आणि घामेजलेल्या कातडीतून औषध लवकर आत जाते. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ऑक्टोबरात राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. मोनोक्रोटोफॉस आणि ॲसिफेट ही त्यातली दोन. तोपर्यंत फवारणीचा हंगाम जवळजवळ उरकला होता.

फवारणाऱ्याने नेमके काय फवारले, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. शेतात दोन-तीन औषधे एकत्र कालवली जातात, वर एखादे ‘टॉनिक’ घातले जाते. मालक डबा आणतो, कालवणारा दुसरा, पंप पाठीवर घेणारा तिसरा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ट्रॅफिक सिग्नल पाहिलेल्या माणसाला हिरवा म्हणजे निर्धास्त असे वाटणे साहजिक आहे, आणि ही रंगांची भाषा ठरवणाऱ्यांनी फवारणाऱ्याशी कधी बोलून पाहिले असेल असे वाटत नाही. बंदी आलेल्या पाचांत डायफेन्थियुरॉनही होते. त्याचा गटच वेगळा: ते कोलिनएस्टरेजला हात लावत नाही, पेशीच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेत अडथळा आणते, आणि त्याला उतारा नाही. त्याच्या ‘पोलो’ या उत्पादनावरून २०२१ मध्ये यवतमाळातल्या बाधितांच्या बाजूने स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या दिवाणी न्यायालयात दावा गेला. ते बनवणाऱ्या कंपनीने जबाबदारी नाकारली. शेवटी सारे येऊन ठेपते ते त्या दिवशी पंपात काय होते या प्रश्नावर, आणि रिकामा डबा कोणी जपून ठेवत नाही.

याच जिल्ह्यात दुखण्याची दुसरी एक जात आहे, तिला हंगाम नाही. ती पाण्यातून येते. केळापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या परिसरात भूजलात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी पट सापडले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात ते पहिले लक्षण, आणि ते निदान दिसते तरी. हाडांचे काम गुपचूप चालते. फ्लोराइड हाडातल्या खनिजात जागा पटकावते. हाड दाट होते पण ठिसूळ. मग सांध्यांभोवतालचे अस्थिबंध चुन्यासारखे घट्ट होऊ लागतात. कंबर आणि मान आधी आखडते, मग टोंगळे. मागून हाक आली तर मानेऐवजी सगळे अंग वळवावे लागते. याची सुरुवात इतकी मोघम असते की ती कुठल्याही संधिवातासारखी वाटते, आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या बहुधा काही सांगत नाहीत. उत्तर कधी कधी कोपर ते मनगटाच्या क्ष-किरण चित्रात असते. तिथल्या दोन हाडांमध्ये एक पातळ पडदा असतो, तो एरवी चित्रात दिसत नाही. या आजारात त्यावर चुना साचून तो दिसू लागतो. दुखणे कंबरेत असताना हाताचे चित्र काढायचे सुचणे, हे कौशल्य. भारतात या हाडांच्या आजाराची पहिली नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातली. तिथल्या लोकांच्या कंबरा त्याआधीही आखडतच असणार.

हे पाणी वर आले कसे, त्याची गोष्ट बोरिंगची आहे, आणि ती दुखण्याच्या कुठल्याही पुस्तकात नसली तरी सांगण्याजोगी आहे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. त्याआधी खेड्यांत बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप परदेशी घरगुती पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसाकाठी चार बादल्या काढाव्यात यासाठी बनवलेले ते पंप अख्ख्या गावाच्या हातात पडल्यावर टिकणार कसे? सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा त्यांतले बहुतेक बंद सापडले. टिकाऊ पंप मात्र महाराष्ट्रातच निघाला. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत ओतीव लोखंडाच्या जागी पोलाद वापरायचे प्रयोग झाले, आणि सोलापूरकडे त्याचीच सुधारलेली आवृत्ती तयार झाली: दांड्याला एकच खीळ, आणि दांडा थेट सळईला न जोडता मधे साखळी. साखळीमुळे सळई सरळ रेषेत वरखाली होते, वाकडी ओढली जात नाही, म्हणून झिजत नाही. दांडा भरीव आणि जड, म्हणजे खोलातल्या सळईचे वजन त्याच्याशी तोलले जाते आणि हापसणाऱ्याचा जोर वाचतो. याच सोलापूर पंपावरून ‘इंडिया मार्क दोन’ आखला गेला आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात बनू लागला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. महाराष्ट्राला अभिमानाच्या गोष्टी शोधायची हौस आहे, आणि या साखळीचा कुठे पुतळा नाही.

त्या पंपाने नारू घालवला, हेही खरे. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचे, त्या पाण्यातून नारूची बाधा व्हायची आणि वर्षभराने पायातून हातभर जंत काडीला गुंडाळत बाहेर काढावा लागायचा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तो होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले, त्यामागे झाकलेल्या बोरिंगचा मोठा वाटा होता. जुन्या उथळ विहिरीच्या पाण्यात जंतू असत, फ्लोराइड सहसा कमी असे. खोल खडकात पाणी दीर्घकाळ मुरलेले असते, त्यातले कॅल्शियम कमी झालेले आणि सोडियम-बायकार्बोनेट वाढलेले असते. अशा पाण्यात फ्लोराइड विरघळलेले राहते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात आणि फ्लोराइड किंचित घट्टच होते. खांदा धरलेली बाई त्याच खांद्याने दांडा दाबून तेच पाणी भरते. पंपात खोट नाही, उलट तो फार चांगला चालतो.

काही उपाय फार दूरचे नाहीत. तुरटी आणि चुना यांनी फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत शेजारच्या नागपुरात, नीरी या संस्थेत तयार झाली. ती स्वस्त आहे, पण रोज माप घालून, ढवळून, गाळ बसू देऊन वरचे पाणी काढून घेण्याचा धीर लागतो, आणि हे काम कोणी करायचे हे गावात ठरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना रोज चिंच खायला दिली, तेव्हा लघवीवाटे जाणारे फ्लोराइड वाढल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. वऱ्हाडी आमटीत चिंच असतेच. तिला औषध म्हणणे जास्त होईल, पण ती सोडून द्यायचे काही कारण नाही. चहाचे मात्र उलट. चहाच्या पानातच फ्लोराइड असते, आणि फ्लोराइडच्या पाण्यात दिवसभर उकळत राहणारा चहा म्हणजे त्यात भर. विदर्भात हे कोणाला सांगून पाहावे आणि चेहरा बघावा.

फवारणीही नाही आणि पाणीही नाही, अशी दुखणी उरतातच. पापणी लवणे, पोटरीतला एखादा तंतू आपोआप उडणे हे निरोगी माणसालाही होते. जागरण, थकवा, चहा-कॉफी, काळजी यांनी वाढते. उजवी लवली की चांगले, डावी लवली की वाईट, बाईचे उलट, हा हिशेब घरोघरी आहे, आणि गुगलवर शोधून मोटर न्यूरॉनच्या आजारापर्यंत जाऊन पोहोचण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. त्या गंभीर आजारात उडण्याबरोबर बळ जाते आणि स्नायू वाळतो. नुसते उडणे वर्षानुवर्षे राहिले आणि ताकद शाबूत असली तर सहसा घाबरण्यासारखे नसते. सर्वांगाच्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहत. २०१० मध्ये बिंदू गेले आणि रुग्णाचे सांगणे ऐकणे आले. त्या वीस वर्षांत बहुधा याहून शहाणी सुधारणा झाली नसेल. आयुर्वेदाच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताला वेगळा अध्याय आहे, आणि चरकाने वाताचे ८० विकार मोजले. दुखणे शरीरभर हिंडते हे निरीक्षण तेव्हाही पक्के होते.

कारण सापडो वा न सापडो, दुखणाऱ्याचा दिवस साधारण सारखाच असतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तेव्हा वाकताना कंबर किती वेळ दम धरते त्यावर दिवसाचे पैसे ठरतात. सकाळी आखडलेले अंग सुटायला तास जातो. संध्याकाळी गावातल्या डॉक्टरकडून सुई घ्यायची, म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक, आणि रात्र निघते. इथे एक गाठ आहे. शरीरातले फ्लोराइड मुख्यतः मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि वेदनाशामके वर्षानुवर्षे घेतली की मूत्रपिंडे थकतात. दुखणे थांबवणारी सुई दुखणे साठवायला हातभार लावते. सावकाश हालचाल, शेक, झोपेची शिस्त आणि कॅल्शियमयुक्त आहार यांनी काहीजणांना फरक पडतो. पाण्याचा स्रोत बदलला तर हाड तिथेच थांबते, जुने झालेले सहसा परतत नाही.

राहता राहिला कागदाचा भाग. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना फवारणीतली विषबाधा अपघात मानते, पण ती मृत्यू किंवा अवयव निकामी होणे यासाठी आहे आणि सातबारावर नाव असणाऱ्या कुटुंबासाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात फवारणाऱ्या मजुराचा सातबारा नसतो, आणि उडणारे मांस म्हणजे निकामी अवयव नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत वेदना हा प्रकार नाही. हालचालीच्या अपंगत्वाचा टक्का ठरवताना सांधा किती अंशांत वळतो आणि स्नायूत जोर किती हे तपासले जाते. फ्लोराइडने मान पुरती अडकलेल्याला त्यातून काही टक्के मिळतात. ज्याचा खांदा पूर्ण वळतो पण वळताना दुखतो, त्याच्या अर्जावर शून्याच्या आसपासचा आकडा पडतो.