काटा नजरेसमोर हवा

लातूरच्या आडत बाजारात शेतकरी तूर किंवा सोयाबीन घेऊन येतो, तेव्हा त्याच्या पैशातून काही ना काही कापले जाते. ही कपात त्याला आवडते असे नव्हे. परंतु माल त्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढतो, सौदा त्याच्यासमोर ठरतो आणि अखेरीस त्याच्या हाती हिशेबपट्टी येते. पट्टीतील एखादा आकडा खटकला, तर आडत्याच्या गादीवर बसून तो जाब विचारू शकतो. बाजारपेठेवरचा विश्वास असा समोरासमोरच्या व्यवहारातून उभा राहतो. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर ज्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, त्या याच विश्वासावर.

ऑनलाइन विक्रीची व्यासपीठे हीसुद्धा एका अर्थाने आडतच होय. गिऱ्हाईक ती आणून देतात, पैसे ती गोळा करतात आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम विक्रेत्याच्या खात्यात भरतात. मग आपल्या समाजातील इतके तरुण व्यापारी या आडतीवर नाराज का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. नांदेडला वजिराबादेत माझ्या भाच्याचे साड्यांचे दुकान आहे. 2020 च्या टाळेबंदीत दुकानाचे शटर महिनोन्‌महिने खाली राहिले, तेव्हापासून तो ऑनलाइन विक्री करतो. गेल्या दिवाळीनंतर दोन दिवस त्याच्याजवळ बसून मी त्याची खतावणी पाहिली आणि नाराजीचे मूळ मला उमगले.

पहिली गोष्ट वजनाची. भेटीच्या खोक्यात घातलेली साडी काट्यावर पाऊण किलो भरते. पण खोके 35 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 8 उंच असेल, तर या तिन्हींचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतात; उत्तर येते 1.4 किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानी वजन यांपैकी जे जास्त, त्यावर वाहतूक आकारली जाते. गाडीत जागा अडते, तेव्हा हा नियम अगदीच गैर म्हणता येणार नाही. अडचण अशी की हे माप दूरच्या कुठल्याशा गोदामात यंत्र घेते आणि विक्रेत्याला दिसते ती केवळ कपात.

दुसरी गोष्ट परत येणाऱ्या मालाची. गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही तर त्याचे पैसे त्याला मिळावेत, यात वाद नाही. आपल्या दुकानातूनही साडी बदलून दिली जातेच. येथे मात्र येण्याजाण्याचे भाडे पुष्कळदा विक्रेत्याच्या माथी पडते. घरपोच रोखीच्या मागणीत तर गिऱ्हाईक दारातूनच पुडके परत पाठवतो. एकदा भाच्याच्या परत आलेल्या पुडक्यातून साडीऐवजी जुनी चादर निघाली. त्याने छायाचित्रे जोडून दावा केला. उत्तर एका ओळीचे आले की दावा नामंजूर. कोणी तपासले, काय पाहून ठरवले, हे विचारण्यासाठी समोर माणूसच नव्हता.

कायद्याचा आधार शोधला तर तोही एका बाजूला झुकलेला दिसतो. केंद्र सरकारने 2020 मध्ये ई-व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम केले. ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि ती एका महिन्यात निकाली काढावी, असे त्यांत आहे. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही आहे. हे सारे रास्तच आहे. पण ही मुदत ग्राहकासाठी आहे. नांदेडच्या लहान दुकानदाराची तक्रार किती दिवसांत ऐकावी, हे त्यांत सांगितलेले नाही.

एका बाबतीत मात्र आपल्याच बांधवांचा गैरसमज आढळतो. व्यासपीठ जीएसटीपोटी जो अर्धा टक्का आणि आयकरापोटी जो 0.1 टक्का कापते, त्याला अनेक जण खर्च समजतात. 2024 मध्ये हे दर याहून खाली नव्हते, उलट बरेच वर होते. त्याच वर्षी ते कमी झाले. ही रक्कम आपल्याच नावावर जमा असते आणि विवरणपत्र भरताना तिचे श्रेय मिळते. कमिशनवरील जीएसटीही नियमित नोंदणी असलेल्याला वजावटीस मिळतो. खरा खर्च आणि परत मिळणारी रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत मांडल्यावाचून साडी कितीला विकावी हे ठरूच शकत नाही.

हिशेब संपल्यावर भाच्याने बाजूच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले. एकदा नेसून परत आलेल्या त्या साड्या होत्या. तो म्हणाला, ‘‘मामा, इस्त्री करून याच पुढच्या गिऱ्हाइकाला धाडल्या तर कोणाला कळणार आहे? आमच्याशी तरी कोण सरळ वागतंय?’’ माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा धोका इथे आहे. कमिशनने नफा घटतो. या विचाराने मात्र पेढी पोखरली जाते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे आणि खऱ्याच्या नावाखाली वेगळा माल देणे हे दोन्ही येतात. चोरी म्हणजे केवळ कुलूप फोडणे नव्हे, हे आपल्या आचार्यांनी श्रावकाला फार पूर्वीच बजावले आहे. चादर पाठवणाऱ्याने जो अतिचार केला, तोच आपण पुढच्या गिऱ्हाइकाबाबत केला, तर तक्रार करण्याचा आपला अधिकार तिथेच संपतो. भाच्याला मी एवढेच म्हणालो, ‘‘नेसलेली आहे असं सांगून दुकानात कमी भावाने वीक. नुकसान आपलं, पण तोंड लपवावं लागणार नाही.’’ त्या साड्या पुढे तशाच विकल्या गेल्या.

आता तो प्रत्येक पुडके कॅमेऱ्यासमोर बांधतो, परत आलेले कॅमेऱ्यासमोरच उघडतो, खोके मालापुरतेच ठेवतो आणि दाव्याची मुदत वहीत लिहून ठेवतो. ज्या साड्या वारंवार परत येतात त्या त्याने ऑनलाइन मांडणेच बंद केले. याने सारे दावे मंजूर होतात असे नाही. म्हणून व्यापारी संघटनांनी एकत्रितपणे मागणी करावयाची ती कमिशन माफीची नव्हे. माप दाखवा, नकाराचे कारण लेखी द्या आणि विक्रेत्याच्या तक्रारीलाही मुदत बांधा, एवढीच ती असावी. आडत बाजारात शेतकऱ्याला जे मिळायला हवे असे आपण मानतो, तेच आपण आपल्यासाठी मागत आहोत. ते मागताना आपला स्वतःचा काटा सरळ असला पाहिजे.